जमिनीचा सध्याचा वापर

फाल्गुन लागला की मिरजेच्या पूर्वेकडच्या माळांवर साडेदहा-अकराच्या सुमाराला घारी वर चढायला लागतात. त्याआधी त्या बाभळीच्या शेंड्यांवर नुसत्या बसून असतात, अंगात ऊन भरून घेत. मग जमीन तापते, मुरमातून कोरडा, भाजल्यासारखा वास सुटतो, आणि एखादी घार पंख पसरून सुटते ती परत पंख हलवतच नाही. गोल गोल फिरत बोटाएवढी होते, मग ठिपक्याएवढी. यंदाही परवा सकाळी तसंच झालं. मी फाटकापाशी उभा राहून वर बघत होतो, आणि माझ्या गळ्यात कार्ड होतं.

कार्डावर माझा फोटो आहे, सभासद क्रमांक एक आहे, रक्तगट आहे आणि खाली बारीक अक्षरात 'हस्तांतरणीय नाही' असं छापलंय. हे कार्ड असल्याशिवाय या गायरानात आता पाऊल टाकता येत नाही. फाटकावर पत्र्याची पाटी आहे. प्रवेश फक्त सभासदांना. ओळखपत्र दर्शनी भागावर लावावे. विमानावर नोंदणी क्रमांक असावा. विम्याची प्रत जवळ बाळगावी. जनावरे व अनधिकृत व्यक्तींना मनाई. हा मजकूर माझाच आहे. जनावरं आणि माणसं एका ओळीत मीच बसवली, कारण पत्र्यावर जागा कमी पडत होती.

आत वाळलेलं कुसळी गवत मांडीपर्यंत आलंय. विमान उतरवायला गेलं की पंख गवतात अडकतो आणि मोडतो. त्यावर उपाय म्हणून हौसेनं छोटी विमानं उडवणाऱ्या आमच्या मंडळानं गवत कापायचं मशीन आणलंय, आणि ते कुणी चालवायचं यावर दोन सभा झाल्यात. या माळावर चार वर्षांपूर्वीपर्यंत गवत बोटभरही वाढत नव्हतं. बिरू नावाच्या मेंढपाळाच्या मेंढ्या ते कापत होत्या, कुठल्याही सभेशिवाय. त्याच बिरूनं मला इथं विमान उडवायला शिकवलं. आज तो इथं येऊ शकत नाही, त्याच्या मेंढ्या येऊ शकत नाहीत, आणि त्यांना बाहेर ठेवणारा कागद मी लिहिला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कुणाला माझी दया यायला नको.

गावाचं आणि तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर तिथल्या माणसांना वाटेल मी त्यांच्यावर खापर फोडतोय. ते मला माझ्याच डोक्यावर फोडायचंय.

चार वर्षांपूर्वीच्या त्या फाल्गुनात मी नुकताच निवृत्त झालो होतो. पस्तीस वर्षं कचेरीत काढली, शेवटची हेडक्लार्क म्हणून. लोक मला भाऊसाहेब म्हणत. नावानं हाक मारणारं आता घरातही कुणी उरलेलं नाही. निवृत्तीनंतर काय करायचं याचं उत्तर माझ्याकडं लहानपणापासून तयार होतं, फक्त कुणाला सांगितलं नव्हतं. मला विमान करायचं होतं. इंजिन नसलेलं, नुसत्या वाऱ्यावर तरंगणारं, हातातल्या रिमोटनं वळवता येणारं. त्यासाठी परदेशी हलकं लाकूड मिळतं, पण मला ते पटेना. पांगाऱ्याचं लाकूड काय कमी हलकं असतं? मिरजेत तंबोरे करणाऱ्या एका कारागिरानं मला ते कागदासारखं तासून दिलं. तासता तासता तो म्हणाला, "भाऊसाहेब, आजवर लाकडातनं आवाज काढला, उडवलं मात्र न्हवतं." सव्वा महिन्यात विमान झालं. दोन्ही हात पसरले तरी पुरणार नाहीत एवढे पंख होते त्याचे.

घरापासून गाडीवर अर्ध्या-पाऊण तासावर हा माळ सापडला. मोकळा, सपाट, विजेची तार नाही, मध्ये झाड नाही. पहिल्याच दिवशी विमान दहा सेकंदांत नाक खुपसून पडलं. शेजारी चरणारी मेंढरं उधळली आणि एक कुत्रं माझ्या अंगावर धावून आलं. मागोमाग घोंगडं खांद्यावर टाकलेला माणूस आला, माझ्याच वयाचा. आता हा भांडणार असं मला वाटलं. त्यानं कुत्र्याला हाकललं, विमान उचललं आणि तळहातावर तोललं.

"लय हलकं हाय," तो म्हणाला. "पन पाठीवर वारा घिऊन कोन उडतं व्हय? घार बगा. तोंड वाऱ्याकडं करून उटती."

मग त्यानं घोंगड्याची लोकर चिमटीनं उपटली आणि सोडली. ती जिकडं गेली तिकडं विमानाची पाठ करून उभं राहायचं, एवढाच धडा. तो मला कुठल्याही पुस्तकात सापडला नव्हता, आणि मी पुस्तकं बरीच वाचली होती.

बिरू आटपाडीकडचा. दिवाळी झाली की दीड-दोनशे मेंढ्या, दोन घोडी, कोंबड्यांचं डालगं आणि घरची माणसं घेऊन तो खाली उतरायचा आणि मृगाच्या आत परत फिरायचा. दिवसा मेंढ्या चारायच्या, रात्री शेतकऱ्यांच्या रानात बसवायच्या, त्यांच्या लेंड्यांचं खत रानाला मिळायचं. पण रोज रान बदलतं, आणि व्यालेल्या मेंढ्या आणि कोवळी कोकरं रोज हलवता येत नाहीत. त्यांच्यासाठी एक ठरलेली जागा लागते. ती जागा म्हणजे हे गायरान. कोकरं जाळीच्या कुंपणात, शेजारी पाल, पालाच्या तोंडाशी तीन दगडांची चूल. पंचवीसेक वर्षं तो इथं येत होता, आणि त्याआधी त्याचा बाप.

तो फाल्गुन माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला महिना होता. हे लिहिताना आता चीड येते, पण होता. सकाळी दहाला मी पोचायचो. बिरूच्या बायकोच्या हातचा मेंढीच्या दुधाचा चहा, वर तरंगणारा तुपकट थर. मग रबरी दोरी ताणून गोफणीसारखं विमान सोडायचं. मी रिमोट धरायचो, बिरू आभाळ बघायचा. त्या काळ्या टेपाडावर खडक आधी तापतो, तिथनं हवा वर येते. नांगरलेल्या रानावर साडेअकरा-बाराला. उसाच्या फडावर कधीच नाही, तिथं हवा खाली बसते. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मेंढ्यांमागं चाळीस वर्षं वर बघत फिरल्यावर कळलेलं होतं. "त्या घारीच्या बुडाशी न्या," तो म्हणायचा, आणि मी नेलं की विमान हातातून सुटल्यासारखं वर जायचं.

दुसऱ्या आठवड्यात मी रिमोट त्याच्या हातात दिला. लोकर कातरून कातरून त्याचे अंगठे दगडासारखे झालेले. मला वाटलं, ही नाजूक दांडी त्याला कळणार नाही. पहिल्या दिवशी त्यानं दोनदा पाडलं. तिसऱ्या दिवशी पाऊण तास वर ठेवलं. ते इतकं उंच गेलं की मला दिसेना.

"बिरू, गेलं रं ते."

"न्हाई गेलं. घारीच्या डाव्या अंगाला हाय. ती त्येला सोबत घिऊन फिरतीया."

आता ठराविक उंचीच्या वर विमान न्यायचं नाही असा नियम आहे. तोही पाटीवर आहे.

आम्ही जैन, आमच्या घरात सूर्यास्ताआधी जेवण. लग्नाला अडतीस वर्षं झाली, एकदा चुकलेलं नाही. नेमका त्याच वेळी माळावरचा वारा निवतो आणि विमान लोण्यावरून गेल्यासारखं जातं. साडेपाच झाले की बायकोचा फोन. "अहो, ताट वाढलंय. की आज विमानच खाणार आहात?" बिरू ऐकून हसायचा. "जावा भाऊसाब, वैनी कावत्याल. इमान ठिवा हितंच, मी घालतो पालात." त्यामुळं माझं विमान महिनाभर कोकरांच्या आणि तव्या-कढईच्या मध्ये झोपत होतं. त्याला मेंढ्यांचा वास लागला तो अजून गेलेला नाही. बायको ते घरात घेऊ देत नाही, माळ्यावरही नाही, गच्चीवर ठेवावं लागतं.

आपल्याकडं कुठं काही बरं चाललेलं दिसलं की त्याचं मंडळ होतं. चैत्रात मिरजेचे एक डॉक्टर आले, पेट्रोलवर चालणारं विमान घेऊन. मग एक इंजिनियर, मग सांगलीचे दोन व्यापारी. माणसं वाईट नव्हती. पाटणच्या वरच्या पठारावर पवनचक्क्यांच्या राखणदारानं त्यांना हाकलून दिलं होतं, कराडच्या अलीकडं कुणाच्या तरी रानात विमान पडून भांडण झालं होतं, आणि बिचारे विमान छातीशी धरून जागा हुडकत फिरत होते. माळ बघून डॉक्टर हरखले. "भाऊसाहेब, काय रनवे आहे हो. कोण मेंटेन करतं?"

"मेंढ्या," मी म्हणालो. सगळे मोठ्यांदा हसले. मीही हसलो. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते आम्हीच होतो, पण तेव्हा कळलं नाही.

वैशाखात एक हवालदार मोटारसायकलवर आला. आसपासच्या गावांत ड्रोन फिरवून घरं हेरतात अशी आवई उठली होती, आणि कुणीतरी आमची तक्रार केली होती. माणूस सभ्य होता. "परवानगी हाय का?" त्यानं विचारलं. कुणाची लागते, असं डॉक्टरांनी विचारलं. "मला म्हायती असती तर मीच दिली असती, सायेब. कायतरी कागद आना म्हंजे झालं."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. खरं सांगतो, मला आनंद झाला. निवृत्तीनंतर चार-पाच महिने मला कुणी अर्ज लिहून मागितला नव्हता. या कामात माझा हात धरणारा कोणी नव्हता, हे मला माहीत होतं आणि तालुक्यालाही. मी कामाला लागलो. मंडळाची नोंदणी, घटना, सभासदांचे अर्ज, दोन-दोन फोटो, रहिवासाचा पुरावा, प्रत्येकाचा विमा, विमान उडवता येतं याची लेखी परीक्षा. केंद्राच्या नकाशावर माळ हिरव्या, म्हणजे उडवायला मोकळ्या पट्ट्यात येतो याची छापील प्रत. ग्रामपंचायतीचा ठराव, जमिनीचा उतारा, पोलिसांचा ना हरकत दाखला. आणि सगळ्यात शेवटी कचेरीला द्यायचा मुख्य अर्ज, गायरानाची जागा हौशी विमानउड्डाणासाठी मिळावी म्हणून.

त्यात सातवा रकाना होता, जमिनीचा सध्याचा वापर.

कचेरीत मी नव्या पोरांना शिकवायचो: या रकान्यात काही लिहायचं नसतं. लिहिलं की प्रश्न निघतो, प्रश्न निघाला की फाईल बसते. सांगली-सातारा दोन्ही जिल्ह्यांत कुठल्याही कचेरीत जा, हे गुपित शिपायालाही ठाऊक असतं. हात सवयीचा होता. मी लिहिलं, 'काही नाही. पडीक.' हे लिहिताना मी बिरूच्या पालासमोर बसलो होतो. कागद त्याच्या पत्र्याच्या पेटीवर ठेवला होता, कारण माळावर टेबल नव्हतं. डाव्या हाताला त्याच्या घरचा चहा होता. जाळीत कोकरं ओरडत होती.

तरी हे एवढ्यावर भागलं असतं. आठ दिवसांनी कचेरीचा माणूस जागेच्या पाहणीला आला. पंचनाम्याला दोन पंच लागतात. एक त्याच्याबरोबरचा शिपाई झाला, दुसरा हवा होता. टळटळीत दुपार होती, गाव दोन कोसांवर, आणि माळावर माणूस एकच. मी बिरूला हाक मारली.

"बिरू, एक अंगठा पाहिजे. वाचून दाखवतो."

"तुमी लिवलंय न्हवं? मंग वाचायचं काय त्यात," तो म्हणाला आणि हात घोंगड्याला पुसून अंगठा पुढं केला. मी शाई लावली. मी स्वतः त्याचा अंगठा कागदावर दाबला. कागदावर होतं, समक्ष पाहणी केली असता सदर जागेवर कोणाचीही वहिवाट आढळून आली नाही. कचेरीच्या माणसानं कोकरांकडं बघितलं, पालाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "हे तात्पुरतंच ना, भाऊसाहेब?" मी म्हणालो, "मृगाच्या आत जातात ते." आम्ही दोघंही खात्यातले, जास्त बोलायची गरज पडली नाही.

मृगाआधी बिरू गेला. श्रावणात परवानगी आली. सरकारी काम आणि सहा महिने थांब असं आम्हीच लोकांना ऐकवायचो, माझं काम तेवढं तीन महिन्यांत झालं. मी पेढे वाटले. परवानगीबरोबर अटी होत्या: जागेला कुंपण, फाटकाला कुलूप, नोंदवही, सभासदांखेरीज कुणालाही प्रवेश नाही, जनावरं आढळल्यास परवाना रद्द. बिरूची आठवण झाली नाही असं म्हणालो तर खोटं ठरेल. झाली होती. दिवाळी लांब आहे, तेव्हाचं तेव्हा बघू, असं वाटलं. दुसऱ्याच्या बाबतीत आपण किती सहज असं म्हणू शकतो, याची मला आता किळस येते. तेव्हा मी पाटीच्या अक्षरांचा रंग निवडत होतो.

दिवाळीनंतर एका सकाळी फोन वाजला. "भाऊसाब, रस्ता चुकलो काय वो मी? हितं कुंपान हाय."

गेलो. डांबरी रस्त्यावर दोनशे मेंढ्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. घोड्यांवर पाल, भांडी, कोंबड्यांचं डालगं. बिरूची बायको कडेला बसलेली, मांडीवर दोन दिवसांचं कोकरू. कुलपाची किल्ली माझ्या खिशात होती. ते फाटक उघडायला मला एक मिनिटही लागलं नसतं. मी म्हणालो, "दोन दिवस थांब. मी मार्ग काढतो." आणि तो थांबला, कारण तो माझ्या शब्दावर थांबणारा माणूस होता.

माझ्या डोक्यातला मार्ग काय होता, तर बिरूला सभासद करून घ्यायचं. हसायला येतं, पण पस्तीस वर्षं कागद बघितलेल्या माणसाला दुसरा मार्ग सुचत नाही. मी सभा घेतली. बिरू आमच्यापैकी सगळ्यांत चांगलं विमान उडवतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. डॉक्टरांचं इंजिन बंद पडलेलं विमान त्यानंच एकदा सुखरूप उतरवलं होतं. डॉक्टर म्हणाले, "आमची ना नाही, भाऊसाहेब. पण नियम सगळ्यांना सारखा पाहिजे. तुम्हीच घातलाय ना?"

नियम असा की सभासद तालुक्यातला रहिवासी हवा. ओळख यंत्रावर अंगठा लावून पटवायला हवी. परीक्षा लेखी. रहिवासासाठी मी माझा पत्ता देणार होतो, परीक्षेला तोंडी सवलत मागणार होतो. अंगठ्यासाठी बिरूला गाडीवर मागं बसवून मिरजेच्या ओळखपत्र केंद्रात नेलं. केंद्रातली मुलगी चांगली होती. पाच वेळा अंगठा घेतला. "काका, हात धुऊन या जरा." तो धुऊन आला. परत पाच वेळा. मग दुसरा अंगठा, मग एकेक बोट. कातर आणि लोकर यांच्यात त्या रेषा कधीच्या झिजून गेल्या होत्या. माझ्या पंचनाम्यावरच्या शाईला मात्र त्या अंगठ्याचं काही वावडं नव्हतं. तिथं रेषा कुणी तपासल्या नव्हत्या.

परतताना बिरू मागनं म्हणाला, "आवं भाऊसाब, मला कारड मिळालं आस्तं तरी मेंढरं कुटं घातली आस्ती? त्येंची बी कारडं काडायची व्हय?"

गाडी चालवता चालवता माझ्या लक्षात आलं, की हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. माझ्या समाधानासाठी तो मिरजेपर्यंत आला होता.

त्या दोन दिवसांत तळ रस्त्याच्या कडेलाच होता. तिसऱ्या दिवशी सकाळी उसाच्या ट्रॅक्टरखाली एक गाभण मेंढी गेली. मी पोचलो तेव्हा बिरू घोड्यावर ओझं चढवत होता. दोरी आवळता आवळता त्यानं विचारलं, "त्या कागदावर असं काय लिवलं व्हतं वो, की आमी कुणाला दिसलोच न्हाई?"

मी सांगितलं. सातवा रकाना सांगितला, पंचनामाही सांगितला, त्याच्या अंगठ्यासकट.

"म्हंजी म्याच सांगितलं, हितं कोन ऱ्हात न्हाई म्हून."

"हो."

"बरं," तो म्हणाला आणि दोरीची गाठ मारली. मी शिवीची वाट बघत उभा राहिलो. ती आली नाही. बिरूची बायको मात्र जाताना माझ्याकडं न बघता गेली, आणि ते मला शिवीपेक्षा बरं वाटलं, कारण निदान कुणीतरी मला माझ्या जागेवर ठेवत होतं.

ते उंब्रजकडं गेले. तेव्हापासून दर वर्षी तिकडंच, हायवेच्या कडेला, कुणाच्या तरी मोकळ्या प्लॉटवर, प्लॉटवाला म्हणेल तोवर. वरचेवर फोन होतो. तो घारींची चौकशी करतो, मी वाऱ्याचं सांगतो. कोकरं किती जगली हे मी विचारत नाही.

या ठिकाणी मी सभासदत्वाचा राजीनामा दिला असं लिहायला मला आवडलं असतं. दिलेला नाही. दोनदा लिहिला आणि खिशात ठेवला. राजीनामा दिला की कार्ड जातं, कार्ड गेलं की माळ जातो, आणि फाल्गुनात वर घार चढत असताना घरी बसणं माझ्यानं होत नाही. माझा नाद सुटत नाही म्हणून एका माणसाची जागा गेली, आणि ती गेल्यावरही माझा नाद सुटत नाही. आता रविवारी आम्ही आठ जण गळ्यात कार्डं अडकवून गवतात उभे असतो, नोंदवहीत वेळ लिहितो, माळावर आखलेल्या पिवळ्या रेषेच्या मागं राहतो. टेपाडावर हवा कधी वर येते हे कुणाला सांगता येत नाही. मला येतं, पण मी सांगत नाही. ते ज्ञान माझं नाही.

राजीनाम्याऐवजी मी दुसरं एक केलं. गेल्या वर्षी वरातीमागून घोडं म्हणतात तसा एक अर्ज लिहिला, बिरूच्या नावानं, द्वारा माझा पत्ता. गायरानाचा पूर्वेकडचा अर्धा भाग दिवाळी ते मृग मेंढ्यांना मोकळा ठेवावा, एवढीच मागणी. विमानं पश्चिमेकडं उडतील, कुणाचं काही बिघडत नाही. सातव्या रकान्यात पहिल्यांदा खरं लिहिलं. ते रकान्यात मावेना म्हणून पुरवणी जोडली. तळ कुठं पडतो, चूल कुठं असते, कोकरांची जाळी कुठं, बिरू पंचवीस वर्षं येत होता, त्याआधी त्याचा बाप. आधीचा अर्ज मीच चुकीचा लिहिला होता हेही लिहिलं. बिरूला फोनवर वाचून दाखवला, तो म्हणाला, "समदं बरोबर हाय." पस्तीस वर्षांत एवढा चांगला अर्ज मी लिहिला नव्हता. कचेरीत तो टेबलावर ठेवला आणि पोच घेऊन घरी आलो.

उत्तर परवा आलं, घारी बघून मी संध्याकाळी घरी परतलो तेव्हा. साधं तपकिरी पाकीट. जेवायच्या आधी उघडलं आणि मग जेवलो नाही. बायको ताट झाकून ठेवणार कशी, दिवस मावळला होता. तिनं ताट उचललं.

संध्याकाळचा उजेड खिडकीत होता तोवरच मी बिरूला फोन लावला. त्याच्या मागं गाड्यांचा आवाज होता. म्हणालो, उत्तर आलंय. तो म्हणाला, वाचा. मी वाचलं. सदर शासकीय गायरान जमिनीवर अर्जदार बिरू यांनी मागील पंचवीस वर्षांपासून विनापरवाना तळ टाकून वहिवाट केल्याचे त्यांनी स्वतःच्या अर्जात कबूल केले आहे. सबब, अतिक्रमण केल्याबद्दल त्यांच्यावर कारवाई का करू नये, याचा लेखी खुलासा करावा.

वाचून झालं. मग त्यानं विचारलं, "भाऊसाब, त्येच्यात माजं नाव हाय?"

"आहे."

"आन पंचवीस वरसं लिवलंय?"

"लिहिलंय. खाली शिक्का आहे, सही आहे."

"मंग त्यो कागद फेकू नगा. जपून ठिवा," बिरू म्हणाला. "आमी तितं व्हतो म्हून सांगाया दुसरं काय बी न्हाई आमच्यापाशी."

मी ठेवतो म्हणालो.